खोली चारची हौसाबाई

१

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन. डबा पंधरा मिनिटांत संपायचा. उरलेला अर्धा तास मी गुलमोहर निवासात घालवायचे.

गुलमोहर निवास नावाची ही इमारत कुठेही उभी नाही. आम्ही तीस-पस्तीस जणांनी फोनवरच्या एका ग्रुपमध्ये ती बांधलेली. प्रत्येकाने एक खोली घ्यायची, त्या खोलीत राहणारं एक माणूस तयार करायचं आणि त्याच्या वतीने लिहायचं. एकाने चार ओळी लिहिल्या की दुसऱ्याने पुढच्या चार. नळावरचं भांडण, कुणाच्या मुलीचा साखरपुडा, गच्चीत वाळत घातलेले पापड. गोष्ट कुणा एकाची नव्हती आणि ती संपवायची घाईही कुणाला नव्हती.

ग्रुप क्षिप्रा चालवायची. डोंबिवलीला राहते, शाळेत मराठी शिकवते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. प्रत्यक्षात आम्ही एकदाच भेटलेलो. नवीन माणूस आलं की ती आधी नियम पाठवायची आणि 'वाचले' असं त्याच्याकडून लिहून घ्यायची. आपण फक्त आपल्या पात्राचं लिहावं, दुसऱ्याच्या पात्राचा हात हलवू नये. तुम्ही चहाचा कप पुढे करा, तो घ्यायचा की नाही हे समोरच्याला ठरवू द्या. गोष्टीबाहेरचं बोलायचं असेल तर कंसात बोला. आणि सगळ्यात शेवटी: 'ओळखीतलं जिवंत माणूस पात्र म्हणून आणू नका. न विचारता कुणाला चार लोकांसमोर कपडे बदलायला लावण्यासारखं आहे ते.'

हे वाचून मला हसू आलेलं. शाळेतली बाई ती, शाळेतलंच बोलणार, असं वाटलेलं. मीही 'वाचले' असं लिहून टाकलं.

२

माझं पहिलं पात्र एक वकीलबाई होती. तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. मी लिहायचे आणि माझ्या ओळींखाली शुकशुकाट. लोक माझ्या वकीलबाईला ओलांडून पुढे जायचे, जिन्यात ठेवलेल्या कुंडीला वळसा घालावा तसे.

मग मी हौसाबाई आणली. खोली नंबर चार.

हौसाबाई म्हणजे आमची वहिनी. कल्पिता. माझा भाऊ कमलेश एसटीत कंडक्टर, कल्याण आगाराला. आईबाबा गावी जाऊन राहिले तेव्हापासून कल्याण पूर्वेच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. वहिनी खडवलीची. माझ्याहून वर्षाने लहान, पण मला 'ताई, तुम्ही' म्हणायची. मी तिला 'अगं वहिनी, तू' म्हणायचे. तिला सगळ्या वस्तूंशी बोलायची सवय. दूध वर यायला लागलं की 'थांब रे, आले' म्हणायची. मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगायची, 'आता ओरडू नको हां, ताई झोपल्यात.'

हे सगळं मी जसंच्या तसं उचललं. फक्त थोडं फुगवलं. बोली थोडी जास्त गावठी केली, चालणं थोडं जास्त फताडं. पहिल्याच दिवशी बारा जणांनी उत्तरं दिली. कुणी हौसाबाईकडे साखर मागायला आलं, कुणी लोणचं घेऊन. क्षिप्राने कंसात विचारलं, '(संचिता, फार जिवंत उतरली आहे. ओळखीतली कुणी नाही ना?)'

मी लिहिलं, '(छे गं. मनातली.)'

यापुढचं सांगायला जीभ जड होते.

गेल्या वर्षी वहिनीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. त्याच्यासाठी तिने एक पिवळं टोपडं विणलेलं. ते तिने फेकलं नाही. तांदळाच्या डब्यामागे, एका स्टीलच्या डबीत ठेवलेलं. हे तिने मला एकटीला दाखवलेलं. 'यांना नका सांगू ताई, यांना सोसायचं नाय,' म्हणालेली.

एकदा दोन दिवस खोली चारमध्ये कुणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा उघडायच्याही आधी मी ते टोपडं लिहिलं. डबी, तांदूळ, पिवळी लोकर, सगळं. नवऱ्यापासून लपवल्याचंही. वाक्यं आपोआप येत गेली आणि चांगली आली. तीस बदाम पडले. कुणीतरी लिहिलं, 'रडवलंस गं.' मग मी डबा उघडला. वहिनीने दिलेली भेंडीची भाजी होती. मी ती चवीने खाल्ली.

३

खोली पाचमध्ये महिपत नावाचा सदस्य होता. तो कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. क्वचित लिहायचा. त्याचं पात्र म्हणजे दाराशी खुर्ची टाकून बसणारा एक म्हातारा, बस्स. टोपड्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं:

'हौसाबाई हल्ली स्वयंपाकघरात जाताना चौकटीवर दोनदा टकटक करतात. जरा थांबतात, मग आत जातात. मी विचारलं, तर म्हणाल्या, सरकू दे त्याला. पायात येतं.'

त्याने माझ्या पात्राचा हात हलवलेला. मला सरळ हरकत घेता आली असती, नियमच होता तसा. पण खाली लोकांची झुंबड उडालेली. 'अंगावर काटा आला', 'जबरदस्त'. हौसाबाई आता सगळ्यांची झालेली, आणि तिची मालकीण म्हणून मी मिरवत होते. मी कंसात लिहिलं, '(चालेल. हौसाबाईचं कुणीही लिहा.)'

शनिवारी मला सुट्टी. सकाळी नऊच्या सुमारास मी बाहेरच्या खोलीत केस विंचरत होते. कमलेश ड्युटीला गेलेला. वहिनी गॅलरीतून कपडे घेऊन आली, ते सोफ्यावर ठेवले आणि स्वयंपाकघराकडे वळली.

टक टक.

लाकडी चौकटीवर बोटाच्या पेराचा आवाज. फार हलका. कुणी आत आंघोळ करत असेल तर आपण विचारतो ना, तसा. ती उंबऱ्याशी थांबली. तिचं डोकं थोडं खाली झुकलेलं, गुडघ्याएवढ्या उंचीवर काहीतरी बघत असल्यासारखं. मग ती आत गेली आणि कुकर लावला.

मी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काय नाय ताई." ती मागे वळून हसली. "सरकू दे म्हटलं त्याला. पायात येतं ना."

माझ्या हातातला कंगवा तसाच केसांत राहिला.

४

तिने माझा फोन वाचला असणार, हा पहिला विचार. पण फोनला कुलूप होतं आणि तो कायम माझ्याजवळ असायचा. ऑफिसातल्या कुणी सांगितलं म्हणावं, तर ऑफिसातलं कुणी तिला ओळखत नव्हतं. मग मी स्वतःला समजावलं की ही सवय तिला आधीपासून असणार. माझ्या लक्षात आली नसेल, आणि बोलता बोलता मीच ती ग्रुपवर कुठेतरी सांगितली असेल. मी सगळं मागे जाऊन वाचलं. तसं कुठेही नव्हतं.

म्हणून मी करून बघितलं. सोमवारी लिहिलं, 'हौसाबाईने आजपासून उजव्या हातात हिरवी बांगडी घातली.' चार दिवस वाट पाहिली. वहिनीचा हात मोकळाच. मला हायसं वाटलं. धीर करून पुढे लिहिलं, 'हौसाबाईने चौकटीवर टकटक करणं सोडून दिलं.' मी घरी पोचले तेव्हा ती उंबऱ्यात उभीच होती. टक टक.

त्याच आठवड्यात खोली नऊच्या कुणीतरी लिहिलं, 'हौसाबाई जेवताना एक लहान ताटली जास्त मांडतात.' हे मी ऑफिसात दुपारी वाचलं. रात्रीच्या जेवणाला आमची तीन ताटं होती, आणि गॅसच्या ओट्याखाली, जमिनीवर, एक वाटीएवढी ताटली. तिच्यात कालवलेला दूधभात.

म्हणजे माझं लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. इतरांचंच पोचत होतं. का, ते मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की मी घरातली वस्तू रस्त्यावर नेऊन ठेवलेली, आणि आता ती माझ्या हाकेला येत नव्हती.

कमलेशला मी गॅलरीत नेऊन म्हटलं, "दादा, वहिनीचं काहीतरी बिनसलंय. ती ताटली बघितलीस ना?"

"बघितली."

"मग?"

"संचे, वर्षभर ही बाई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. आता हसते, गुणगुणते. मांडू दे की एक ताटली. तुझं काय जातं?"

"डॉक्टरला दाखवू या?"

"काय सांगू डॉक्टरला? बायको खूश आहे म्हणून?"

त्याचे डोळे भरलेले. त्याला टोपड्याबद्दल माहीत नव्हतं. गुलमोहर निवासातल्या पस्तीस जणांना माहीत होतं.

५

पुढचा महिना महिपत दर दोन-तीन दिवसांनी लिहीत राहिला. 'हौसाबाई आता जिन्यापर्यंतच जातात. लांब गेल्या की ते रडतं.' वहिनीने भाजीला जाणं बंद केलं. मग: 'हौसाबाई आपल्यातलं त्याला देतात. त्याची भूक वाढली आहे.' वहिनीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. मंगळसूत्र त्या खळग्यात जाऊन बसायचं. ताटली सकाळी स्वच्छ असायची. पुसून घेतल्यासारखी.

मी महिपतला वेगळा निरोप पाठवला. 'कृपया हौसाबाईचा हात हलवू नका. मी परवानगी मागे घेते.'

त्याचं उत्तर लगेच आलं. 'ताई, मी कुणाचा हात हलवत नाही. मी शेजारी बसतो. दिसतं तेवढं लिहितो.'

त्या रविवारी दुपारी तीनच्या सुमारास वहिनी आतल्या खोलीत झोपलेली. घरात पंख्याचा आवाज तेवढा होता. मला पाणी हवं होतं. चौकटीशी गेल्यावर मला स्वतःचाच राग आला. शिकलेली मुलगी मी, आपल्याच घरात दार वाजवून का जाऊ? मी सरळ आत पाऊल टाकलं.

ओट्याखाली काहीतरी सरकलं. बसल्या बसल्या फरशीवरून पुढे जाताना कपड्याचा होतो तसा आवाज. घाईघाईत. मग सिलिंडरला काहीतरी हलकंच लागलं आणि सिलिंडर घुमला. मी खाली वाकून बघायला हवं होतं. मी वाकले नाही. पाणी न पिता बाहेर आले आणि टीव्ही लावला. आवाज मोठा केला. उंदीर असेल, असं मी मोठ्याने म्हणालेदेखील. फक्त फरशीवर माझ्या पायाजवळ एक ओलसर ठसा होता. त्यावर मी पायपुसणं सरकवून आलेले.

६

दुसऱ्या शनिवारी मी डोंबिवलीला क्षिप्राच्या घरी गेले. तिच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. तिने ते बाजूला केले, माझ्यासमोर पोह्यांची बशी ठेवली आणि म्हणाली, "बोल."

मी सांगितलं. थोडं थोडं करत सगळंच सांगितलं. टकटक, ताटली, ओट्याखालचा आवाज. तिने मला वेड्यात काढलं नाही. ती त्या सगळ्याबद्दल काही बोललीच नाही. तिने भलतंच विचारलं.

"म्हणजे हौसाबाई तुझी वहिनी."

"हो."

"आणि ते टोपडं?"

"तेही तिचंच."

"मी तुला विचारलेलं, संचिता."

"माहितीये."

ती खिडकीशी गेली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. "मला रडू आलेलं ते वाचून," ती म्हणाली. "वर्गात वाचून दाखवावं असं वाटलेलं. आता किळस येते." माझी की स्वतःची, हे तिने सांगितलं नाही.

मी म्हटलं, "तू लिही ना. तू लिहिलेलं पोचेल. हौसाबाईला तिथून बाहेर काढ."

"आधी ग्रुपवर सगळ्यांना खरं सांग. म्हणजे सगळेच थांबतील."

"नको. प्लीज. कुणीतरी ओळखीचं असेल, वहिनीपर्यंत जाईल."

"वहिनीपर्यंत जायला नको, की तुझ्यावर यायला नको?"

मी तिचा फोन तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, "मी कुणाच्या पात्राला हात लावत नाही, तुला माहितीये."

"मी परवानगी देते ना."

"तुझी परवानगी काय कामाची? ती तुझी नाहीच आहे."

तरी तिने लिहिलं. फोन हातात धरून दोनदा खोडलं, मग पाठवलं. 'हौसाबाईंचा भाऊ आला. त्या त्याच्याबरोबर माहेरी गेल्या. तिथे त्या पोटभर जेवल्या. खोली चार बंद आहे. यापुढे तिथलं कुणीही लिहू नये.' मग तिने ग्रुप सगळ्यांसाठी बंद केला. मी पोह्यांना हात न लावता उठले. तिनेही थांब म्हटलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर वहिनीचा भाऊ सोफ्यावर बसून चहा पीत होता. बंटी. त्याला कुणीही फोन केलेला नव्हता. "असंच वाटलं, ताईला घेऊन जावं चार दिवस," म्हणाला. वहिनीची पिशवी भरलेली होती. जाताना ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिने हात वर केला, पण चौकटीवर टेकवला नाही. तसाच खाली घेतला आणि चपला घातल्या.

७

दोन आठवड्यांनी मी खडवलीला गेले. वहिनी अंगणात बसून सुपात तांदूळ निवडत होती. चेहरा भरलेला. मला बघून उठायला लागली, "या ताई, बसा, चहा ठेवते."

"नको. बस तू." मी तिच्याजवळ खालीच बसले आणि बोलले. घरून पाठ करून आणलेली वाक्यं निघालीच नाहीत. मी तुझी टिंगल केली, म्हणाले. तुझं चालणं, बोलणं. आणि डबीतलं ते. लोकांना सांगितलं. मग ते फोनवर लिहायचे, तसंच आपल्या घरात व्हायला लागलं.

तिची बोटं तांदळात थांबली.

"किती लोकांना?"

"पस्तीस."

"बाया होत्या त्यात?"

"होत्या."

"मग एकीनं तरी इचारायचं होतं, ही बाई कोण हाय म्हणून."

"एकीने विचारलेलं."

"मग?"

"मी खोटं बोलले."

तिने एक खडा उचलून लांब टाकला. मला वाटलेलं ती रडेल, शिव्या देईल. दादाला सांगेल याची मी तयारी करून गेलेले. ती निवडत राहिली. आतून तिची आई भाकऱ्या थापत असल्याचा आवाज येत होता. सूप हलकंच पाखडून ती म्हणाली, "मला वाटलेलं, माझं मलाच दिसतंय. माझंच हाय, माझ्यासाठीच आलं. म्हणून बरं वाटायचं. आता तुम्ही सांगता, ते चार लोकांनी मिळून आणलं."

मला 'माफ कर' म्हणायचं होतं. तोंडात शब्द होता, पण तो फार लहान वाटायला लागला.

"इथे नाही ना येत ते?" मी विचारलं.

"नाय. मी एकटीच आले. ते तिकडंच राहिलं." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "ताई, घरात दिवसा कोण असतं?"

क्षिप्राने फक्त हौसाबाईला हलवलेलं. तिच्या ओळीत दुसऱ्या कुणाचा उल्लेखच नव्हता. हौसाबाई निघून आलेली, आणि ते बंद खोलीत राहिलेलं.

"मी यायची नाय परत," वहिनी म्हणाली. "यांना मी इकडंच बोलावून घेणार हाय. तुमच्याबरोबर एका घरात मला नाय जमणार आता." आवाज तिने अजिबात चढवला नाही. मग सूप उचलून ती आत गेली. चहा आला, तो तिच्या आईने आणून दिला.

८

घरी पोचले तेव्हा साडेपाच झालेले. दादा ड्युटीवर. पश्चिमेचं ऊन सरळ स्वयंपाकघरात येऊन फरशीवर लांब पसरलेलं. दोन आठवडे मी आणि दादा बाहेरूनच खाणं आणत होतो, आत फारसं जात नव्हतो. मीच तसं करायला लावलेलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ओट्याखाली ती ताटली होती. रिकामी. नुसती चाटलेली नाही. कडेला बारीक ओरखडे होते, एकाशेजारी एक.

मी भात लावला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर ओट्याला पाठ टेकून उभी राहिले, आणि त्या पूर्ण वेळात माझ्या मागे काहीही हललं नाही. श्वास रोखून बसलेल्या मुलासारखी शांतता. मी दूध घातलं, भात कालवला, निवेपर्यंत फुंकला. ताटलीत वाढला. मग गुडघे टेकून खाली बसले आणि या वेळी वाकून बघितलं.

ऊन सिलिंडरच्या मागपर्यंत पोचलेलं. तिथे त्याची पाठ होती. ओंजळीएवढी, मणके दिसणारी. डोक्यावर काही नव्हतं, केसही नव्हते. त्याला खूप भूक लागलेली असणार, भाताच्या वासाने त्याची मान किंचित वळली. तेवढंच दिसलं मला. गाल असायला हवा तिथला थोडासा भाग.

"ये," मी म्हटलं. "घे. वहिनीने पाठवलंय."

हेही खोटंच होतं.

मी ताटली हाताने पुढे सरकवली. त्याला माझा हात दिसला आणि ते थरथरायला लागलं. मला तोवर वाटत होतं की भीती काय ती मलाच आहे. ते माझ्यापासून लांब सरकायला लागलं. बसल्या बसल्या, घाईघाईत, फरशीवर तो आवाज करत. मागे भिंत होती. भिंत लागल्यावरही ते थांबलं नाही.